ठाण्यात राहून एपी कॉम्प्युटर सायन्सचा ऑनलाइन कोर्स कसा करायचा

दहावीचा निकाल लागला की आमच्या सोसायटीतली मुलं विचारायला येतात, "ताई, अमेरिकेतल्या हायस्कूलचा तो कोडिंगचा ऑनलाइन कोर्स आपल्याला इथून करता येतो का?" येतो. मी कळव्यात राहून, ठाण्यातलं ज्युनिअर कॉलेज सांभाळून तो केला. या कोर्समधली प्रोग्रॅमिंगची भाषा म्हणजे जावा. ती शिकवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत. पण कोणता कोर्स खरा, नाव कसं नोंदवायचं, अमेरिकेची वेळ कशी सांभाळायची, हे सगळं एका जागी मराठीत लिहिलेलं मला मिळालं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. एसएटी परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड ही अमेरिकन संस्थाच एपी चालवते. कॉलेजच्या सुरुवातीच्या अभ्यासाच्या तोडीचा विषय हायस्कूलमध्येच शिकायचा आणि मे महिन्यात त्याची परीक्षा द्यायची, अशी ही रचना आहे. कॉम्प्युटर सायन्सचे त्यात दोन विषय आहेत. 'कॉम्प्युटर सायन्स प्रिन्सिपल्स' हा ओळख करून देणारा, आणि 'कॉम्प्युटर सायन्स ए' हा खरोखर प्रोग्रॅमिंगचा. हा लेख दुसऱ्याबद्दल आहे.

१. आधी कशासाठी करायचा ते ठरवा

इंजिनीअरिंगला इथेच प्रवेश घ्यायचा असेल, तर एमएचटी-सीईटी किंवा जेईईच्या गुणांत या कोर्सने एकाचीही भर पडत नाही. क्लासच्या समुपदेशकाने काही वेगळं सांगितलं तरी हे पक्कं लक्षात ठेवा. बाहेरच्या देशात पदवीला अर्ज करणार असाल तर एपीचा उपयोग होतो. किंवा प्रोग्रॅमिंग मुळापासून शिकायचं असेल आणि वर्षभर कोणीतरी गृहपाठ तपासून द्यावा असं वाटत असेल, तरीही तो कामाचा आहे.

फक्त शिकायचं असेल तर पैसे भरण्याआधी फुकटचे रस्ते बघा. रनस्टोन या संकेतस्थळावर 'सीएसऑसम' हे याच अभ्यासक्रमाचं पूर्ण पुस्तक मोफत आहे आणि त्यातला कोड ब्राउझरमध्येच चालवता येतो. हार्वर्डचा सीएस५०एक्स हा कोर्सही मोफत आहे, पण तो सुरुवातीच्या स्क्रॅचनंतर लगेच सी भाषेवर जातो आणि त्याचा वेग जास्त आहे. अकरावीला बायफोकलमध्ये कॉम्प्युटर सायन्स मिळत असेल तर तोही पर्याय चांगला आहे. कोर्स न करता घरी अभ्यास करून थेट एपीची परीक्षाही देता येते. परीक्षेला बसायला कोर्सचं प्रमाणपत्र लागत नाही.

२. कोर्स खरा आहे का, आणि तो किती वाजता आहे

'एपी' हे नाव कोर्सला लावायचं तर त्याचा अभ्यासक्रम कॉलेज बोर्डाने तपासून मान्य केलेला असावा लागतो. मान्य कोर्सची यादी 'एपी कोर्स लेजर' या नावाने इंटरनेटवर सगळ्यांना बघता येते. ठाणे, वाशी, खारघरमध्ये 'एपी कोडिंग' असे फलक लावलेले क्लास दिसतात. त्यातले काही शिकवतातही छान, पण ते शिकवणीचे क्लास असतात, मान्यताप्राप्त कोर्स नव्हेत. गुणपत्रकावर एपी विषय म्हणून नोंद हवी असेल तर संस्थेचं नाव लेजरमध्ये शोधा. नाव सापडेपर्यंत फी भरू नका.

२०२५-२६ पासून अभ्यासक्रम बदलला आहे. आधीच्या दहा घटकांच्या जागी चार मोठे घटक आले, इनहेरिटन्स हा भाग गेला आणि फाइलमधून माहिती वाचणं आलं. त्यामुळे कोणी जुन्या नोट्स किंवा जुनं गाइड दिलं तर त्याची अनुक्रमणिका नव्या अभ्यासक्रमाशी ताडून बघा, नाहीतर दिवाळीची सुट्टी गेलेल्या प्रकरणावर खर्च होईल.

आता वेळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. त्यांची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे सरकतात. आपली सरकत नाहीत. तिथला दुपारी चारचा लाइव्ह वर्ग ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे रात्री दीडला असतो आणि डिसेंबरमध्ये रात्री अडीचला. सकाळी सातचं कॉलेज असलेल्या मुलाला हे झेपणार नाही. तिथला सकाळी नऊचा वर्ग मात्र आपल्याकडे संध्याकाळी साडेसहा किंवा साडेसातला येतो, तो जमतो. सगळ्यात सोयीचा म्हणजे रेकॉर्ड केलेल्या तासांचा कोर्स, ज्यात शिक्षक लेखी प्रश्नांची उत्तरं देतात.

गृहपाठाची मुदत बहुतेक वेळा तिथल्या रात्री ११:५९ ची असते. पूर्व किनाऱ्याच्या वेळेने ती आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९ किंवा १०:२९ ला संपते, म्हणजे बरोबर तुम्ही कॉलेजमध्ये असताना. तेव्हा आपली मुदत आदल्या रात्रीचीच धरून चाला.

३. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

ही कागदपत्रं आधीच स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा:

- पासपोर्ट, किंवा संस्थेला चालणारं दुसरं फोटो ओळखपत्र
- दहावीची गुणपत्रिका
- आठवी-नववीच्या प्रगतिपुस्तकांच्या इंग्रजीतल्या, शाळेच्या सही-शिक्क्याच्या प्रती
- ज्युनिअर कॉलेजचं बोनाफाईड
- पालकांचा ईमेल आणि संमतीपत्र
- तुमचा स्वतःचा ईमेल

परदेशी संस्था 'ट्रान्स्क्रिप्ट' मागतात. आपल्या शाळांत तसा कागद तयार नसतो. शाळेच्या कार्यालयात लेटरहेडवर विषय आणि गुण इंग्रजीत लिहून मागा, नमुना आपणच टाइप करून न्या. परीक्षांच्या आणि प्रवेशांच्या गडबडीत कार्यालयात कोणाला वेळ नसतो, त्यामुळे अर्ज लवकर द्या.

नावाकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव असतं. परदेशी अर्जात 'फर्स्ट नेम' पहिलं येतं. गुणपत्रिका समोर ठेवून रकाने भरत गेलं की आडनाव पहिल्या रकान्यात जातं, आणि परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी नाव जुळत नाही. नोंदणी, कॉलेज बोर्डाचं खातं आणि ओळखपत्र या तिन्हीकडे नाव अक्षरशः सारखं हवं. पासपोर्ट काढायचा असेल तर ठाण्यात वागळे इस्टेटला सेवा केंद्र आहे. कोर्स सुरू होण्याआधीच्या सुट्टीत ते काम उरका.

४. फी

फी डॉलरमध्ये जाते. यूपीआय सहसा चालत नाही, आणि बहुतेक डेबिट कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते चालू करा, पैसे भरून झाल्यावर पुन्हा बंद करा. किती दिवसांत कोर्स सोडला तर किती रक्कम परत मिळते, ते आधी वाचा. आर्थिक अडचण असेल तर संस्थेकडे फी सवलतीची चौकशी जरूर करा. बऱ्याच ठिकाणी ती असते, पण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

५. लॅपटॉप आणि सॉफ्टवेअर

जावा शिकायला भारी लॅपटॉप लागत नाही. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना, दुरुस्त करून विकलेला ऑफिसचा लॅपटॉप पुरतो. ग्राफिक्स कार्डवर पैसे घालू नका. मोबाइलवर मात्र हा कोर्स करू नका, महिरपी कंस शोधण्यातच जीव जाईल.

लागणारं सॉफ्टवेअर सगळं मोफत आहे: जेडीके, म्हणजे जावा चालवायचा संच, आणि कोड लिहायला ब्लूजे. ब्लूजे शिकणाऱ्यांसाठीच बनवलेलं आहे, त्यात क्लास (जावात क्लास म्हणजे वस्तूचा आराखडा) आणि ऑब्जेक्ट (त्या आराखड्यावरून बनवलेली वस्तू) चित्रात दिसतात. शिक्षकांनी दुसरं काही सांगितलं असेल तर तेच वापरा. बसवताना दोन गोष्टी सांभाळा. फोल्डरचं नाव इंग्रजीत आणि मधे जागा न सोडता ठेवा. आणि फाइलचं नाव आतल्या पब्लिक क्लासच्या नावाशी तंतोतंत जुळवा, कारण जावाला लहान-मोठी अक्षरं वेगवेगळी वाटतात.

मित्राने व्हॉट्सॲपवर किंवा वर्डमध्ये पाठवलेला कोड चिकटवला की त्यातली अवतरण चिन्हं बऱ्याचदा वाकडी झालेली असतात. कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, ती ओळखत नाही आणि ओळ तर बरोबर दिसते. म्हणून कोड स्वतः टाइप करा. शिकण्यासाठीही तेच बरं.

वीज आणि नेट या दोन्हीची पर्यायी सोय हवी. राउटरला छोटा यूपीएस लावला की वीज गेली तरी नेट चालू राहतं. पावसाळ्यात आमच्याकडे याचा फार उपयोग होतो.

६. पहिले दोन महिने: वहीत ड्राय रन

मला मनापासून सांगायची गोष्ट ही आहे. व्हिडिओ पाहून प्रोग्रॅमिंग येत नाही. पाहताना सगळं कळतं, रिकाम्या पडद्यासमोर बसलं की पहिली ओळ सुचत नाही. हे बुद्धीचं काम नाही, सवयीचं आहे, आणि ती सवय वहीत लागते.

शिक्षकांनी कोड दाखवला की व्हिडिओ थांबवा. वहीत प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखा. ओळीमागून ओळ वाचत किंमत कशी बदलते ते लिहा आणि शेवटी काय छापलं जाईल ते ठरवा. मगच व्हिडिओ पुढे न्या. यालाच ड्राय रन म्हणतात. उत्तर चुकलं तर कोणत्या ओळीवर तुमची आणि कॉम्प्युटरची वाट वेगळी झाली ते शोधा. एपीच्या बहुपर्यायी प्रश्नांत हेच विचारतात: हा तुकडा चालवला तर काय छापेल?

एक उदाहरण घ्या. पंच्याऐंशी आणि नव्वद या दोन गुणांची सरासरी काढायची आहे. दोन्ही इंटिजर असतील आणि बेरजेला २ ने भागलं, तर जावा ८७ सांगेल, ८७.५ नाही. पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की दशांश भाग टाकून दिला जातो. उत्तर डबलमध्ये, म्हणजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात, साठवलं तरी ते ८७.० च येतं, कारण भागाकार आधीच होऊन गेलेला असतो. वहीत एकदा करून पाहिलं की हे विसरत नाही.

मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमाच्या मुलांना एररच्या इंग्रजीची भीती वाटते. पण एररचे संदेश मोजकेच असतात आणि तेच ते पुन्हा येतात. 'कॅनॉट फाइंड सिम्बॉल' म्हणजे नावाचं स्पेलिंग चुकलंय, किंवा ते नाव या कंसाबाहेर ओळखलं जात नाही. 'इनकम्पॅटिबल टाइप्स' म्हणजे एका प्रकारच्या डब्यात दुसऱ्या प्रकारची वस्तू घालताय. 'रीच्ड एंड ऑफ फाइल' म्हणजे कुठलातरी महिरपी कंस बंद करायचा राहिलाय. 'नल पॉइंटर' म्हणजे ऑब्जेक्ट बनवलाच नाही आणि त्याला काम सांगताय. वहीच्या शेवटच्या पानांवर संदेश, त्याचा मराठीत अर्थ आणि तुमच्या कोडमध्ये तो का आला हे लिहीत जा. एररची रांग लागली तर सगळ्यात वरची आधी सोडवा. खालच्या बऱ्याचशा तिच्यामुळेच आलेल्या असतात.

रोज छोटा सराव हवा. 'कोडिंगबॅट' या संकेतस्थळावर जावाचे लहान लहान प्रश्न मोफत आहेत आणि उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळतं. रविवारी एकदम पाच तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास कितीतरी जास्त देऊन जातो.

७. इथे हमखास अडकायला होतं

ॲरे म्हणजे एकाच नावाखाली ओळीने ठेवलेल्या किमती. त्याचं मोजणं शून्यापासून सुरू होतं. ठाण्याहून वाशीला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलची स्टेशनं एका ॲरेत घाला: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. स्टेशनं नऊ, पण ठाण्याचा क्रमांक ० आणि वाशीचा ८. लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, ९ पर्यंत नेलात तर प्रोग्रॅम 'इंडेक्स ९ आउट ऑफ बाउंड्स फॉर लेंग्थ ९' म्हणून थांबतो. संदेशातच पूर्ण उत्तर आहे, तो वाचायचा. याच नऊ नावांवर पुढचे प्रश्नही स्वतः बनवा: उलट्या क्रमाने छापा, सर्वांत लांब नाव शोधा, दोन स्टेशनांमध्ये किती थांबे ते मोजा. नावं इंग्रजी अक्षरांत घाला. देवनागरीत 'ठाणे' या शब्दाची लांबी जावा ४ सांगतो, कारण काना आणि मात्रा तो वेगळे मोजतो.

दुसरी जागा स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या मजकुराची, तुलना. दोन नावं सारखी आहेत का हे दोन 'बरोबर' चिन्हांनी तपासू नका, 'इक्वल्स' वापरा. ती चिन्हं अक्षरं तपासत नाहीत, दोन्ही नावं मेमरीतल्या एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात का ते बघतात. घात असा की कोडमध्येच लिहिलेल्या नावांवर ती तुलना बऱ्याचदा बरोबर उत्तर देते, आणि वापरणाऱ्याने टाइप केलेल्या नावावर फसते.

तिसरी जागा ॲरेलिस्टमधून, म्हणजे लहान-मोठी होऊ शकणाऱ्या यादीतून, काढून टाकण्याची. यादीत ४०, ३०, २८, ७५ असे गुण आहेत आणि पस्तीसच्या खालचे काढायचे आहेत. लूप पुढे पुढे नेत क्रमांक १ वरचे ३० काढले, की २८ सरकून क्रमांक १ वर येतात. लूप मात्र २ वर पोचलेला असतो. २८ तसेच राहतात. शेवटाकडून सुरुवातीकडे चालत आलात तर हा प्रश्नच येत नाही. परीक्षेतल्या ॲरेलिस्टच्या प्रश्नाआधी हा ड्राय रन हातातून गेलेला असू द्या.

द्विमिती ॲरेत रांग आधी, स्तंभ नंतर. गडकरी रंगायतनच्या तिकिटावर जशी आधी रांग आणि मग खुर्ची शोधतो, तसंच.

क्लास लिहिण्याचा प्रश्न मुलांना सर्वांत अवघड वाटतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत सुंदर आहे. सरावाला शेअर रिक्षाचा क्लास लिहा. किती जण बसलेत हे प्रायव्हेट ठेवा, म्हणजे ते बाहेरून थेट बदलता येणार नाही. सुरुवातीला शून्य, ते काम कन्स्ट्रक्टरचं. 'बसवा' ही मेथड, म्हणजे क्लासला सांगायचं एक काम, जागा असेल तर संख्या एकने वाढवून 'ट्रू' देईल, तीन झाले असतील तर 'फॉल्स'. 'निघा' ही मेथड भाडं मोजून रिक्षा रिकामी करेल. दहा-पंधरा ओळींचं काम आहे, पण कन्स्ट्रक्टर, प्रायव्हेट आणि रिटर्न या तिन्हींचा अर्थ त्यात कळतो. मग तुमच्या आजूबाजूचं काहीही घ्या: लिफ्ट, पाण्याची टाकी, ग्रंथालयाचं सभासदत्व.

८. गणपती, कॉलेज आणि क्लास

अमेरिकन वेळापत्रकात गणपती-दिवाळीची सुट्टी नसते. त्यांची मोठी सुट्टी नाताळात येते. कोर्सचं वर्षाचं वेळापत्रक मिळाल्यावर आपल्या सणांच्या आणि कॉलेजच्या परीक्षांच्या तारखा त्यावर लिहा आणि आड येणारे गृहपाठ आधीच्या आठवड्यात करून टाका. अडचण असेल तर मुदत संपण्याआधी शिक्षकांना ईमेल करा. घरच्या सणाबद्दल नीट लिहिलं तर ते समजून घेतात, मुदतीनंतरच्या पत्राचा फारसा उपयोग होत नाही.

हा कोर्स बारावीत घेऊ नका. एपीची परीक्षा मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत असते, आणि एप्रिल-मे हाच सीईटीचा काळ. अकरावीचं वर्ष योग्य.

९. एआयची मदत कुठवर घ्यायची

एररचा अर्थ विचारा, ड्राय रन समजावून मागा, सरावाचे प्रश्न मागा. गृहपाठाचा कोड मागू नका. कोर्स सुरू होतानाच प्रामाणिकपणाच्या नियमांवर सही घेतात आणि दुसऱ्याचा कोड स्वतःचा म्हणून दिला तर कोर्समधून काढतातही. माझी खरी काळजी वेगळी आहे. मे महिन्यात परीक्षेच्या पडद्यावर एआय नसतो, आणि वर्षभर ज्याने उत्तरं मागून घेतली त्याला तिथे फार एकटं वाटतं.

१०. परीक्षेची नोंदणी आणि तयारी

कोर्स एका संस्थेचा आणि परीक्षा केंद्र दुसऱ्याच शाळेत, असं बऱ्याचदा होतं. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं नाही. ऑगस्टमध्येच ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईतल्या एपी घेणाऱ्या शाळांना फोन करून बाहेरचे विद्यार्थी घेता का, आपलं शुल्क किती लावता आणि शेवटची तारीख कोणती हे विचारा. नोंदणी परीक्षेच्या आधीच्या नोव्हेंबरमध्ये बंद होते, त्यानंतर जादा शुल्क लागतं, आणि केंद्राची स्वतःची मुदत त्याहून आधीची असू शकते. केंद्राचा एपी समन्वयक एक जॉइन कोड देतो, तो तुमच्या कॉलेज बोर्डाच्या खात्यात टाकावा लागतो.

परीक्षा तीन तासांची: ९० मिनिटांत ४२ बहुपर्यायी प्रश्न, पुढच्या ९० मिनिटांत कोड लिहायचे ४ प्रश्न. सगळं 'ब्लूबुक' या ॲपमध्ये होतं. कोड त्यात टाइप करायचा असतो, पण तो चालवून बघता येत नाही. लाल रेघ येत नाही, शब्द आपोआप पूर्ण होत नाही. म्हणून मार्चपासून सरावाचे प्रश्न साध्या नोटपॅडमध्ये लिहा, वहीत ड्राय रन करा आणि मगच ब्लूजेमध्ये चालवा. मागच्या वर्षांचे कोड लिहायचे प्रश्न आणि गुण कसे दिले याचे तक्ते कॉलेज बोर्डाच्या 'एपी सेंट्रल' वर मोफत मिळतात. तक्ता वाचलात की कळेल, गुण तुकड्या-तुकड्यांना असतात: लूप बरोबर त्याला गुण, अट बरोबर त्याला वेगळा गुण. त्यामुळे पूर्ण उत्तर सुचलं नाही तरी मेथडचं शीर्षक, लूप आणि रिटर्न लिहा. जागा कोरी सोडू नका.

लॅपटॉप केंद्र देणार की आपला न्यायचा, कोणतं ओळखपत्र चालतं, हे लेखी विचारून घ्या. आपला न्यायचा असेल तर ब्लूबुक आदल्या आठवड्यात बसवून त्यातली सराव चाचणी द्या आणि चार्जर बॅगेत ठेवा.

निकाल जुलैमध्ये १ ते ५ अशा श्रेणीत खात्यावर दिसतो. या खात्याला कॉलेजचा किंवा कोर्सचा ईमेल जोडू नका, बारावीनंतर तो बंद होऊ शकतो आणि विद्यापीठाला गुण पाठवायच्या वेळी पासवर्डही बदलता येत नाही. स्वतःचा, कायमचा ईमेल द्या.